पिछाडी

गोरक्षनाथ बेल्हेकरांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांच्या बायकोने, ज्ञानेश्वरीने, तीन महिने ज्वारीच्या डब्यात ठेवलं होतं. जुलैतल्या एका शुक्रवारी तिने निवेदिता पाठकला फोन केला.

"मॅडम, तुमी शास्त्राच्या. त्या घड्याळात पळतानाचं सगळं लिहिलेलं असतं म्हनं. खरं हाय का?"

"हो," निवेदिता म्हणाली.

"मग त्यातलं शेवटचं मला वाचून दावा. करणला म्हटलं, तर तो म्हनतो, आई, मला न्हाई बघवनार. त्यानं पुण्याला जायच्या आधी ह्यांच्या मोबाईलचं कुलूप तेवढं उघडून दिलंय. पुढच्या रविवारी सुभेदारांनी ह्यांच्या नावानं पळायचा कार्यक्रम ठेवलाय. त्याच्या आधी मला कळाया पाहिजे."

"काय कळायला पाहिजे, वहिनी?"

"ते रस्ता सोडून गेले कशापायी."

उद्या चारला येते, असं सांगून निवेदिताने फोन ठेवला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तिच्यासमोर बारावीच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता. तिने एक वही उघडली, सही केली, पान उलटलं आणि मग लक्षात आलं, की आपण काही वाचलंच नाही.

निवेदिता रसायनशास्त्र शिकवायची. वय एकेचाळीस. नगरमध्ये एकटीच राहायची, कमी बोलायची, आणि तिचं कुठलंही काम दुसऱ्याला तपासावं लागत नाही अशी तिची ख्याती होती. दीड वर्षापूर्वी ती रविवारच्या टोळीत आली. ही टोळी भिंगारच्या काकासाहेबांनी जमवलेली. ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. दर रविवारी उजाडताना ही मंडळी नगरपासून अठरा किलोमीटरवरच्या वाघजाळीच्या तलावाभोवती पळायची. डांबरी रस्त्यावर कोणीही पळेल, असं सुभेदारांचं म्हणणं. "खरा माणूस दगडात कळतो!"

फेरी चौदा किलोमीटरची. धरणाच्या भिंतीवरून सुरुवात, मग वनखात्याच्या लावणीतून, कडुनिंब आणि गिरिपुष्पाच्या सावलीत पाच किलोमीटर. त्यापुढे ओघळींचा भाग. तिथे बाभळी, हिवर, बोरी आणि शेळ्यांनी पाडलेल्या वाटा इतक्या, की खरी कोणती ते गावच्या माणसालाही पटकन सांगता येऊ नये. नवव्या किलोमीटरला, पलीकडच्या काठावर, कानिफनाथांचं लहानसं देऊळ. तिथून कालव्याच्या कडेने एकच रस्ता थेट भिंतीपर्यंत. त्यावर चुकायला जागाच नाही.

वाट कळावी म्हणून फाट्याफाट्यावर कापडाच्या नारिंगी पट्ट्या बांधायच्या. पण वनरक्षकाची अट होती, दुपारी शेळ्या आत शिरायच्या आधी एकही पट्टी झाडावर दिसता कामा नये, कारण शेळ्या त्या खातात आणि मरतात. म्हणून एक माणूस सगळ्यांच्या मागे पळायचा आणि पट्ट्या काढत यायचा. सुभेदारांनी त्याला लष्करी नाव दिलं होतं, पिछाडी. बाकीचे शेपूट म्हणायचे.

पिछाडीच्या मागे कोणी राहता कामा नये. ते कसं पाहायचं, याची रीत निवेदिताने काढली होती. देवळावरून जाताना प्रत्येकजण घंटा वाजवायचाच. देवळात झाडलोट करणारी रंगूबाई म्हातारी एका डोळ्यात मोतीबिंदू असल्यामुळे उजेडात बसत नसे. ती आत, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसायची. निवेदिताने तिला दोन डबे दिले. जितकी माणसं, तितके चिंचोके पहिल्या डब्यात. घंटा वाजली, की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात टाकायचा. पिछाडी देवळात पोचली आणि पहिला डबा रिकामा असला, म्हणजे सगळे पुढे गेले. एक जरी उरला, तरी मागे वळून शोधायचं.

"ना वीज लागत, ना रेंज लागत," सुभेदार सगळ्यांना सांगायचे. "याला म्हणतात डोकं!"

निवेदिताला ते ऐकायला आवडायचं.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी पळायला सव्वीसजण आले होते आणि त्यांच्याखेरीज पिछाडीला निवेदिता होती. गोरक्षनाथांची ती तिसरीच खेप. मूळचे सोनईचे, इथे एमआयडीसीत लेथवर काम. चव्वेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं आणि ते एकदम पळायलाच लागले. त्या दिवशी त्यांनी एक पिशवी भरून नव्या पट्ट्या आणल्या होत्या. घरी बायको शिवणकाम करते, तिने उरलेल्या अस्तरातून कापून दिल्या, असं ते दहा जणांना सांगत होते.

"बेल्हेकर, वरातीत चाललाय का? पाय उचला!" पहिल्याच चढाला सुभेदार ओरडले.

"उचलतो, सर! पन आमचं इंजिन डिझेलचं हाय. तापाया येळ लागतो."

"तापेपर्यंत पोहे संपतील!"

सगळे हसले आणि बघता बघता पुढे निघून गेले. मागे हे दोघंच राहिले. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून निवेदिता चाळीसएक पावलं अंतर ठेवून पळत होती. तरी ते मधून मधून मान वळवायचे.

"मॅडम, तुमी व्हा की पुढं. मागं बाईमानूस असलं की लई संकोच वाटतो बघा."

"मी पुढे गेले तर पिछाडी कोण?"

"ते बी खरंच."

सातव्या किलोमीटरनंतर, एका वळणापलीकडे, ते तिला दिसेनासे झाले. तिथे वाट थोडी सपाट होते. इंजिन तापलं वाटतं, असं मनाशी म्हणत तीही भरभर पट्ट्या सोडत निघाली. दोन किलोमीटर झाले तरी ते दिसेनात, तेव्हा तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. ते वाटणं मनात घेऊनच ती देवळाशी आली, हात वर करून तिने घंटा वाजवली आणि वाकून आत शिरली.

"सरले बघा, बाई," रंगूबाई म्हणाली. "डबा रिकामा."

निवेदिताने डब्यात पाहिलं. रिकामाच होता. म्हातारीने दिलेला गुळाचा खडा तिने तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि कालव्याच्या रस्त्याला लागली.

भिंतीजवळ पुन्हा मोजणी होत नसे, कारण देवळापुढे चुकायला जागा नव्हती. लोक आले तसे पोहे खाऊन पांगले. बेल्हेकर आधीच गेले असतील, असं प्रत्येकालाच वाटलं. गाड्या लावायच्या आंब्याखाली एक मोटारसायकल उरलीय, हे वनरक्षकाने सुभेदारांना फोन करून कळवलं तेव्हा दहा वाजून गेले होते. पावणेबाराला गोरक्षनाथ सापडले, वाटेपासून खूप लांब, सांडव्याच्या अंगाला, एका बोरीखाली. बाटली रिकामी होती. उन्हाचा तडाखा बसून हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

"वहिनी, एका क्षणात गेले," सुभेदारांनी ज्ञानेश्वरीला सांगितलं. "त्यांना कळलंसुद्धा नसेल."

आणि टोळीत सगळ्यांचं मत पडलं, की त्यांनी वाट सोडायला नको होती, आणि म्हातारीने मोजताना घोळ घातला.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ब्युरेट भरताना निवेदिताला ते कळलं. द्रावण खुणेच्या वर गेलं आणि ती बघत राहिली. चिंचोके सव्वीस होते. पळणाऱ्यांचे. पिछाडीचा चिंचोका नव्हता, कारण पिछाडीला मोजायचं नव्हतं, पिछाडीने मोजायचं होतं. पण सव्वा वर्षाच्या सवयीने तिनेच घंटा वाजवली. आतल्या अंधारात बसलेल्या रंगूबाईने घंटा ऐकली आणि उरलेला एक चिंचोका उचलून पलीकडे टाकला. तिला तसंच शिकवलं होतं. निवेदिता वाकून आत शिरेपर्यंत डबा रिकामा झाला होता.

ती महिनाअखेरीला एकदा देवळात जाऊन आली होती. रंगूबाई बाहेर उन्हात बसली होती.

"मला मोजता येत न्हाई म्हनून तर तुमी चिंचोके दिले," म्हातारी म्हणाली. "तेबी जमलं न्हाई मला. घरधनी गेला एका बाईचा. आता रविवारी मी तोंडात अन्न घालीत न्हाई."

वाक्य निवेदिताच्या ओठांवर आलं होतं. "असं करू नका, आजी," एवढंच ती बोलली आणि परत आली. त्यानंतर तिने पळणं सोडलं. कोणी विचारलं, तर गुडघा दुखतो म्हणायची.

शनिवारी चारला ती बोल्हेगावात ज्ञानेश्वरीच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. शाळा सुरू झालेल्या, त्यामुळे पुढच्या खोलीत गणवेशाच्या निळ्या कापडाचा ढीग होता. तो बाजूला सारून ज्ञानेश्वरीने सतरंजी टाकली आणि चहा ठेवला.

"साखर किती?"

"अर्धा चमचा."

"ह्यांच्यासारखंच. म्हनायचे अर्धा, आन मी पाठमोरी झाले की घ्यायचे अजून एक." ती कपबशी पुढे सरकवून खाली बसली. "मॅडम, तुमाला खरं सांगू? मला रडू येत न्हाई. राग येतो. माझा दीर सोनईवरनं फोन करतो, म्हनतो, कुनी सांगितलं हुतं रानात पळायला? मीबी म्हनते. सगळ्यांनी मिळून रस्ता दिला हुता, पट्ट्या हुत्या. पंचवीस मानसं गेली त्यावरनं. ह्यांनाच काय झालं भलतीकडं जायाला? पोराचं शेवटचं वर्ष हाय, याचा तरी इचार करावा. मोटारसायकल पुसताना बी मी शिव्या घालते त्यांना. एकच समाधान हाय. झटक्यात गेले. तेवढ्यावर झोप लागती मला."

निवेदिताने घड्याळ हातात घेतलं. पट्ट्याच्या भोकांत ज्वारीचा कोंडा अडकला होता. करणने घड्याळ मोबाईलला जोडूनच ठेवलं होतं. तिने एप्रिलचा तो रविवार उघडला. पडद्यावर तलावाचा निळा आकार आला आणि त्याच्याभोवती एक लाल रेघ. ती रेघ देवळापर्यंत जातच नव्हती.

तिने रेघ मोठी करून पाहिली. मग खालचा आलेख पाहिला, हृदयाच्या ठोक्यांचा. तो तिला एका नजरेत वाचता आला. वाचता येऊ नये असं पहिल्यांदाच वाटलं. ज्ञानेश्वरी शेजारी गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि तिला त्या रेघांमधलं काही कळत नव्हतं. घड्याळाची बॅटरी संपली होती, पुढचं काही नोंदलं गेलं नाही, असं म्हटलं असतं, तर त्या खोलीत ते खोटं ठरवणारं कोणी नव्हतं. बाईची झोपही शाबूत राहिली असती.

पण मग गोरक्षनाथ कायमचे वाट सोडून गेलेलेच राहिले असते.

"सात वाजून बारा मिनिटांनी ते वाटेवरून उतरले," निवेदिता म्हणाली. "इथे. आत सत्तर मीटर गेले."

"कशाला?"

"लघवीला असेल."

"सत्तर मीटर?"

"मी मागून येत होते ना."

ज्ञानेश्वरीच्या तोंडून हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला. "मायंदाळ लाजायचे, मॅडम. सोनईला शेतात असले, तर विहिरीच्या पल्याड जायचे. लग्नाला बावीस वर्सं झाली, पन सदरा बदलायचा तर पाठ फिरवायचे माझ्याकडं." हसता हसता तिचा आवाज फाटला. तिने डोळे पुसले. "मग? तिथंच झटका आला?"

"नाही. सात एकवीसला ते परत वाटेवर आले."

"वाटेवर?"

"जिथून उतरले होते, बरोबर तिथेच. ही बघा, रेघ रेघेवर आलीय. तिथून शंभर पावलांवर फाटा आहे. उजवीकडे देवळाची वाट, डावीकडे शेळ्यांची. ते डावीकडे गेले."

"पट्टी बघायची ना मग! मी मोजून दोनशे कापून दिल्या हुत्या."

"पट्टी नव्हती, वहिनी. मी काढली होती. ते आत असताना मी तिथून पुढे निघून गेले होते."

निवेदिताने मोबाईल सतरंजीवर ठेवला आणि बाकीचं सांगितलं. चिंचोके कसे ठेवले होते, घंटा कोणी वाजवली, रंगूबाईने काय केलं. वर्गात सांगते तसं क्रमाने सांगितलं, कारण तसं नसतं सांगितलं तर ती मध्येच थांबली असती. "रंगूबाईंचं काही चुकलं नाही," ती शेवटी म्हणाली. "चूक माझी झाली. घंटा मी वाजवायला नको होती."

खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. ज्ञानेश्वरीने निळ्या कापडाचा एक तुकडा उचलून मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालू लागली.

"डावीकडं गेले. मग?"

"मग वाट सापडेना. बरंच फिरले. इकडून तिकडे, परत इकडे. तिथे मोबाईलला रेंज नाही."

"किती येळ?"

निवेदिताने घड्याळ उलटं करून मोबाईलशेजारी ठेवलं.

"मॅडम, मी इचारते. किती येळ?"

"सात एकवीसपासून नऊ एकेचाळीसपर्यंत. दोन तास वीस मिनिटं."

"म्हंजी झटक्यात न्हाई."

"नाही."

"सुभेदार तर म्हनले..."

"त्यांना माहीत नव्हतं."

ज्ञानेश्वरीने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुमच्या डब्यात एक चिंचोका दिसला असता, तर तुमी काय केलं असतं?"

"मागे वळले असते. सात पस्तीसला मी देवळात होते. फाटा दोन किलोमीटरवर आहे. हाका मारत गेले असते, तर आठच्या आत भेटले असते."

"जित्ते?"

"हो. आठ वाजता ते चालत होते."

हे सांगायला नको होतं, असं तिला सांगून झाल्यावर वाटलं. पण विचारलं होतं आणि ते खरं होतं. ज्ञानेश्वरी भिंतीकडे बघत होती. भिंतीवर गोरक्षनाथांचा फोटो नव्हता, तो सुभेदार कार्यक्रमासाठी मोठा करायला घेऊन गेले होते. खिळा तेवढा राहिला होता.

"म्हंजी आले हुते ते," ती म्हणाली. "परत रस्त्यावर आले हुते."

"आले होते."

"बरोबर त्याच जागी."

"बरोबर त्याच जागी."

"आन मी तीन महिने शिव्या घालते त्यांना." तिने मोबाईल उचलला, रेघ डोळ्यांजवळ नेली, पण रेघ सरकून तलावाचा निळा रंगच पडद्यावर आला. निवेदिताने मदतीला हात पुढे केला. ज्ञानेश्वरीने मोबाईल बाजूला घेतला.

"तुमाला कधी कळलं हे?"

"तिसऱ्या दिवशी."

"दहाव्याला तुमी आला हुता इथं. जेवला बी हुता."

"हो."

"का न्हाई बोलला?"

"घाबरले होते."

"कशाला?"

"लोकांना. कॉलेजात कळेल याला. तुम्हालाही. माझं कधी चुकत नाही, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं."

"आन ती म्हातारी? सगळे तिच्या नावानं बोलत्यात."

"त्या दर रविवारी उपाशी राहतात."

"तुमाला काय म्हाईत?"

"मी गेले होते एकदा."

"गेला हुता," ज्ञानेश्वरी म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "तिच्याम्होरं बसला हुता, आन न सांगता माघारी आला."

निवेदिताने मान डोलावली. चहावर साय धरली होती. तो प्यावा की तसाच ठेवावा, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती कपाकडे बघत राहिली.

"पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "म्हातारीला पुढं खुर्चीवर बसवून. माझ्या दिराला मी सोनईवरनं बोलवून घेते. त्यानंबी ऐकू दे, त्याचा भाऊ रस्त्यावर आला हुता ते."

"सांगेन."

"ते दोन तासाचं करणला सांगू नका. ते मी बघीन."

"बरं."

"आन त्यानंतर मला फोन करायचा न्हाई. तुमचा राग येतोय का न्हाई, तेच मला अजून कळंना. येईल कवातरी. आला, की मला तुमचं तोंड समोर नको." ती उठली, दार उघडलं आणि दाराआड उभी राहिली. निवेदिता चपला घालत होती, तेव्हा ती पुन्हा बोलली, पण निवेदिताशी नव्हे. "विहिरीच्या पल्याड जायची सवय," ती म्हणाली, आणि दार लागलं.

रस्त्यावर येऊन निवेदिताने तिथूनच सुभेदारांना फोन लावला. उशीर केला, तर आपण पुन्हा गुडघ्याचं कारण काढू, हे तिला माहीत होतं.

"बोला मॅडम! तुमचीच आठवण काढत होतो. सूत्रसंचालन तुम्ही करायचं हं, तुमचं मराठी स्वच्छ."

"सर, मला त्या दिवशी बोलायचंय. आणि रंगूबाईंना भिंतीपर्यंत आणायला गाडी लागेल."

"त्या म्हातारीला कशाला? नको तो विषय. वहिनींना किती त्रास होईल."

"वहिनींनीच सांगितलंय. सर, मोजण्यात चूक माझी झाली होती. त्यांची नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"मॅडम," सुभेदार हळू म्हणाले, "जवान गेल्याचं मलाच त्याच्या घरच्यांना सांगावं लागायचं, सीमेवरून पत्र आल्यावर. तेव्हापासून सांगतो, एका क्षणात गेला म्हणून. सगळ्यांना तेच सांगतो. गेलेला माणूस काही परत येत नाही."

"नाही येत."

"कार्यक्रमाची यादी छापायला गेलीय. वनखात्याचे साहेब आहेत, मग श्रद्धांजली, मग पळायला झेंडा दाखवायचा. तुम्हाला देऊन देऊन दोन मिनिटं देता येतील."

"दोन पुरतील, सर," निवेदिता म्हणाली.